एकतीस वर्षं डावा हात

४ ऑक्टोबर

खारूताई,

तुझं जाडजूड पाकीट पोचलं. पोस्टमन म्हणाला, "आजी, कोर्टाचं काही आहे का?" मी म्हटलं, "नात परदेशात पीएचडी करतेय, तिचं आहे." तर म्हणतो, "मग कोर्टापेक्षा वाईट!" हसून हसून मला ठसका लागला.

आत सत्तावीस प्रश्न! अगं, माझ्या लग्नात मला एकच विचारला होता, त्याचंही उत्तर वडिलांनीच देऊन टाकलं. आता चौऱ्याहत्तराव्या वर्षी कुणी सत्तावीस गोष्टी विचारतंय म्हणजे काय चैन आहे! खालच्या मजल्यावरचे मास्तर वाचून दाखवायला आले. मला अक्षर येतं, पण तुझे शब्द मालगाडीसारखे. डबे मोजता मोजता इंजिन कुठलं तेच विसरायला होतं.

पहिला प्रश्न, "तुमच्या कामाचं स्वरूप काय होतं?" तुला माहीत नाही होय? बरं, तुझ्या गाईडबाईंसाठी लिहिते. एकतीस वर्षं कातड्याचे हातमोजे शिवले. डाव्या हाताचे. फक्त डाव्या. उजवे समुद्रापलीकडच्या कुठल्याशा गावात शिवायचे आणि जोड्या तिसरीकडेच लागायच्या, तू आता जिथे आहेस त्या देशात. ठेकेदार म्हणायचा, कंपनीचा नियम. एका हाताचा मोजा चोरून कोण काय करणार? आणि कुणाला स्वतःचा धंदा काढायची खाज सुटलीच, तर तो अर्धाच निघेल. डोक्याचे होते मेले.

कातडं मात्र इथलंच बरं का. इथून तिकडे जायचं, कमावून कापून परत यायचं, आम्ही शिवलं की पुन्हा तिकडे. आम्ही कधी गावाबाहेर गेलो नाही, पण आमच्या कातड्यानं जग पाहिलं.

दुसरा प्रश्न, "सहकारी स्त्रियांशी नातं." त्यावरून आठवलं, बुटकीशी मी बोलत नाही. एकतीस वर्षं जिच्या कोपराला कोपर लावून बसले तीच, समोरच्या दारातली. तिनं जिन्यात, माझ्या पायरीवर, आपली कुंडी आणून ठेवली. कुंडीत रोप असतं तर एक वेळ चाललं असतं. नुसती माती! मी म्हटलं, ही काय माती दाखवायला ठेवलीस? तर म्हणते, पायरी काय तुझ्या माहेरची आहे? यावर तू काय म्हणतेस ते पुढच्या पत्रात कळव. सविस्तर कळव.

बाकीचे पंचवीस प्रश्न सावकाशीनं. एक सहीचा कागदही होता, तो कपाटात ठेवलाय.

तुझी आजी

२६ ऑक्टोबर

आजी,

रोज टपालपेटीत डोकावत होते. शेवटी पत्र आलं. पंचवीस प्रश्नांची उत्तरं नाहीत, सही नाही, आणि कुंडी आहे.

कुंडीवर माझं काहीही म्हणणं नाही.

आता नीट ऐक, आणि मास्तरांनाही ऐकव. माझा विषय असा आहे. जगाला एक केंद्र आहे आणि एक परीघ. परिघावरून कच्चा माल आणि स्वस्त मेहनत केंद्राकडे जाते, तिथून पक्का माल महाग होऊन परत येतो. पूर्वी हे बंदुकीच्या जोरावर चालायचं. राज्यं गेली, झेंडे बदलले, रचना तशीच राहिली. गरीब देश मागे पडलेले नाहीत, त्यांना मागे ठेवलंय. आणि सगळ्यात वाईट म्हणजे परिघावरच्या माणसाला आपल्या हातातलं पुरं कसब कधी कळूच दिलं जात नाही. याचं तुझ्याइतकं चोख उदाहरण जगात नसेल. डावा मोजा! गाईडबाई ऐकून खुर्चीतून उठल्या.

आणि पुरावा तर मी स्वतः आहे. चार हिवाळे मी शाळेत दोन डावे मोजे घालून गेले. कारखान्यातले बाद, तुम्हा बायकांना फुकट मिळालेले. उजव्या हाताचा अंगठा करंगळीच्या बाजूला लोंबायचा. ठेकेदाराची मुलगी माझ्याच बाकावर बसायची, तिनं माझं नाव 'दोनडावी' पाडलं. ते मी विसरले नाहीये, आजी.

३१ मार्चच्या आत तुझ्या सहीसकट चौथं प्रकरण गेलं नाही तर माझी शिष्यवृत्ती बंद. मग मी अर्धवट पीएचडी घेऊन येईन आणि बुटकीच्या कुंडीशेजारी बसेन. सही कर. फक्त सही. फोन केला की तू "ऐकू येत नाही" म्हणून ठेवतेस, म्हणून लिहितेय.

खारू

१४ नोव्हेंबर

माझी शहाणी ती,

किती सुंदर रागावतेस गं! थेट तुझ्या आजोबांसारखी. मी ते पत्र तीनदा वाचून घेतलं. मास्तर म्हणाले, आवाज चढवून वाचू का साधा? मी म्हटलं, चढवूनच.

मास्तर चित्रकलेचे. त्यांनी लगेच कंपास आणून वर्तुळ काढलं. मधे टिंब, ते केंद्र. कड तो परीघ. मी विचारलं, मी कुठे? तर कडेवर फुली मारली. मग मी विचारलं, खारू कुठे? मास्तर जरा थांबले आणि मधल्या टिंबावर पेन्सिल टेकवली. एवढीशी होतीस तेव्हा माझ्या कडेवर असायचीस, आता मीच कडेवर. मजा आहे!

तुझं ते राज्यं गेली आणि रचना राहिली, ते मला पटलं. माझी आई बाहेरच्यांच्या राज्यात दोन्ही हात शिवायची. अख्खी जोडी. मग त्यांनी कायदा काढला. अख्ख्या जोडीला त्यांच्या बंदरात जबर कर आणि सुट्या हाताला काही नाही. का, तर सुटा हात म्हणजे माल नव्हे, कातड्याचा तुकडा. झालं, गावात डावाच हात उरला. पुढे राज्य गेलं. आई सांगायची, चौकात बँड वाजला, सगळे रात्रभर नाचले. दोन दिवस सुट्टी मिळाली. तिसऱ्या दिवशी कामावर गेली तर पुढ्यात डावा हात.

आता सही. कामाला लागले त्या दिवशी ठेकेदारानं परक्या भाषेतला कागद पुढे केला, म्हणाला पगाराचा आहे. मी नुकतीच नाव काढायला शिकले होते, हौसेनं अशी वेलबुट्टीची सही ठोकली की तो बघतच राहिला. नऊ वर्षांनी एक शिकलेला कारकून आला, त्यानं वाचून दाखवलं. मी दुसऱ्या कुणासाठी, अगदी घरच्यांसाठीसुद्धा, मोजा शिवणार नाही, शिवला तर काम जाईल, असं त्यात होतं. आणि खाली लिहिलं होतं की हे सगळं मला नीट समजावून सांगितलं आहे!

तेव्हापासून वाचल्याशिवाय सही नाही. तुझा कागदही परक्या भाषेतच आहे, राणी. खालची ओळही तीच आहे, मास्तरांनी लावून बघितली. तू माझ्याबद्दल जे लिहिलंस ते आपल्या भाषेत लिहून पाठव. मी ऐकेन आणि सही करेन.

स्वेटर घालतेस ना?

आजी

९ डिसेंबर

आजी,

तुला कल्पना नाही तू काय मागितलंस. आपल्या भाषेत या शब्दांना शब्दच नाहीत, आणि आहेत ते असे की मास्तर पुन्हा कंपास काढतील. दोन आठवडे हेच करतेय. गाईडबाई विचारतात प्रकरण कुठे आहे, मी म्हणते आजीसाठी उलटं लिहितेय. त्यांना तो विनोद वाटतो.

एक कबूल करते. तीन परिच्छेद असे निघाले की आपल्या भाषेत आणल्यावर त्यांत काहीच उरलं नाही. ते मी काढून टाकले, दोन्हीकडून.

सोबत अख्खं प्रकरण आहे. पान सहा हा त्याचा कणा. तिथे लिहिलंय, "या स्त्रियांनी आयुष्यात कधी पूर्ण जोडी शिवली नाही. उजवा हात कसा शिवतात याचं ज्ञानच त्यांच्यापासून तोडण्यात आलं." खाली टीप आहे, "लोखंडाच्या वखारीतले हमाल एक चकचकीत आणि एक खरबरीत असे विजोड, टाकाऊ मोजे वापरत. गावाच्या दैन्याचं हे रोजचं चित्र होतं." ते हमाल मला शाळेत जाताना दिसायचे, म्हणून घातलंय.

आता वाच, ऐक, काय हवं ते कर आणि सही कर. स्वेटर घालते. मोजे नाहीत, हात खिशात घालते.

खारू

२ जानेवारी

खारूताई,

वाचलं! म्हणजे मास्तरांनी वाचलं, जिन्यात बसून, कारण त्यांच्या खोलीत उजेड कमी. वरच्या मजल्यावरची शिंपीणही येऊन बसली. मी पुस्तकात! पान एक ते पाच ऐकताना मला इतकं भरून आलं की मी दोनदा नाक पुसलं. कातडं कसं जातं कसं येतं ते काय छान लिहिलंस! शिंपीण म्हणाली, हिला आमच्या कापडाबद्दल पण लिहायला सांगा.

मग पान सहा आलं. मास्तरांनी तुझी ती हमालांची टीप वाचली आणि समोरच्या दाराआडून घोडं खिंकाळल्यासारखा आवाज आला. बुटकी! दार फटीएवढं उघडून सगळं ऐकत होती आणि तोंडात पदर कोंबून हसत होती. मी मास्तरांना म्हटलं, पुरे आज, माझं डोकं दुखतंय.

बाळ, पान सहा काढून टाक. का ते विचारू नको. बाकी सगळं झकास आहे. सहा काढलंस की लगेच सही करते.

तुझ्या खोलीला खिडकी आहे का? असेल तर कुठल्या बाजूला?

आजी

२० जानेवारी

आजी,

पान सहा काढायचं म्हणजे माणसाचं पोट काढून बाकी सगळं झकास आहे म्हणायचं.

का काढू? चुकलंय का? चुकलं असेल तर सांग काय चुकलं. नाही सांगणार, तर निदान एवढं सांग की का नाही सांगणार. शिष्यवृत्ती माझी, प्रकरण माझं, आजीही माझीच, आणि यातलं एकही माझं ऐकत नाही.

खिडकी आहे. भिंतीकडे उघडते.

खारू

६ फेब्रुवारी

माझ्या खारे,

तुझं पत्र एवढंसं होतं म्हणून मी घाबरले. लांब रागावतेस तेव्हा बरं वाटतं.

ती गोष्ट माझी एकटीची नव्हती. सात जणींनी एकमेकींच्या गळ्याची शपथ घेतली होती. पाच गेल्या. उरलो मी आणि बुटकी, आणि आम्ही बोलत नव्हतो! मग काय करणार, गेले तिच्या दारात. आत ये म्हणालीसुद्धा नाही. म्हणाली, "आधी कुंडीचं बोल." मी म्हटलं, "नातीचं आयुष्य अडलंय आणि तुला कुंडी सुचतेय?" म्हणते, "नात तुझी, कुंडी माझी." शेवटी कबूल केलं. कुंडी राहील, आणि तिथेच राहील. तुझ्या पीएचडीपायी मी पायरी गमावली, हे लक्षात ठेव. मग तिनं शपथ सोडली.

तू तिकडे जाताना एक डावा मोजा नेलास ना गाईडबाईंना दाखवायला? तो घे. आतली बाजू बाहेर कर, बोटं एकेक करून, पेन्सिलीनं ढकलून. मग उजव्या हातात घाल. घालून झाल्यावर पुढचं वाच. मी थांबते.

घातलास?

मोजा शिवतात तो उलटाच शिवतात, बाळ. शिवण आत जायला हवी ना. शिवून झाला की काठीनं बोटं उलटवायची. म्हणजे एकतीस वर्षं, उलटवायच्या आधी, माझ्या मांडीवर रोज उजवाच हात असायचा. दीडदोनशे जणींना तो दिसत होता, ठेकेदाराला दिसला नाही, कारण तो मांडीवर बघायचा नाही, तयार मालाची पेटी बघायचा.

बुटकी बाद माल वेगळा काढायची. कापलेलं कातडं बाद ठरलं की ते आम्ही घरी नेऊन चकचकीत बाजू वर ठेवून शिवायचो, म्हणजे उलटवल्यावर हात उजवा, खरबरीत बाहेर आणि शिवण आत, नीटस. एक चकचकीत डावा, एक खरबरीत उजवा. वखारीतले हमाल त्यासाठी रांग लावायचे, कारण लोखंडाची कांब खरबरीत हातातून निसटत नाही. तुझं ते दैन्याचं चित्र आम्ही शिवलेलं आहे! पुढे काही जण दोन्ही खरबरीत मागायला लागले. नखरे हो, हमालांचे.

आता तुझे दोन डावे. तू ठेकेदाराच्या मुलीच्या बाकावर बसायचीस. तुझ्या हातात एक दिवस जरी उजवा दिसला असता तर तिनं घरी सांगितलं असतं, आणि सातही जणी घरी बसल्या असत्या. गावातल्या हमालांच्या हाताला ऊब होती आणि माझ्या नातीचा अंगठा लोंबत होता. रोज सकाळी मी तो बांधून द्यायचे आणि तू रडायचीस. सांगता येत नव्हतं गं. तू बडबडी होतीस.

पण एक ऐक. आता वाहवत जाऊन असं नको लिहूस की या बायका फार हुशार होत्या, त्यांनी कंपनीला फसवलं, सगळं छान झालं. आम्ही एकतीस वर्षांत दोन टोपल्या मोजे केले असतील. त्यांनी जहाजं भरली. माझी मधली दोन बोटं मिटत नाहीत, आणि माझ्या आईला जोडी शिवताना कुणापासून लपावं लागलं नव्हतं. तुझं वर्तुळ खरं आहे. फक्त त्या फुलीला डोळे काढ.

सहीचा कागद सोबत आहे. वेलबुट्टी जमली नाही, बोटं साथ देत नाहीत. बुटकीनंही खाली सही केलीय, कुणी मागितली नसताना.

आजी

२८ फेब्रुवारी

आजी,

मोजा उलटा केला. घातला. मग अर्धा तास खिडकीतून भिंत बघत बसले.

चार वर्षं! चार वर्षं मी तो मोजा टेबलावर ठेवून त्यावर व्याख्यानं दिली. तीन परिषदांना घेऊन गेले. सगळ्यांनी तो हातात घेतला, हळहळले आणि परत ठेवला. कुणीही, मीसुद्धा, आत बोट घालून बघितलं नाही.

तू मला आधी सांगितलं असतंस तर! हे मी दिवसातून दहादा मोठ्यानं म्हणते, शेजारची मुलगी भिंत ठोकते. मग आठवतं की मी सत्तावीस प्रश्न विचारले आणि त्यांत "तुम्हाला उजवा येतो का" हा नव्हता. मला उत्तर माहीत होतं ना.

पान सहा फाडलं. गाईडबाई म्हणाल्या, महिन्याभरात कणा बदलता येत नाही. मी म्हटलं, आजीनं पायरी दिलीय, मला बदलावाच लागेल. त्यांना हाही विनोद वाटला. वर्तुळ ठेवलंय. फुलीला डोळे काढतेय, पण आजी, ते फार अवघड आहे. आपल्या भाषेत लिहिलं की जमतं, त्यांच्या भाषेत नेलं की डोळे पुसले जातात. मग परत काढते.

दोन डाव्यांबद्दल मला अजून राग आहे. कमी झालाय, पण आहे.

हात गार पडलेत म्हणून अक्षर असं.

खारू

१० मे

आजी,

झालं. ३१ मार्चला प्रकरण गेलं, शिष्यवृत्ती राहिली, आणि काल त्या चौथ्या प्रकरणाची तोंडी परीक्षाही झाली. पास.

तू आणि बुटकीनं पाठवलेली जोडी आदल्या आठवड्यात मिळाली. डावा चकचकीत, उजवा खरबरीत. मी ती घालूनच परीक्षेला गेले, वसंत असूनही इथे बोटं आखडतात. मोठे परीक्षक पांढऱ्या मिशांचे. त्यांनी विचारलं, या बायकांना हे येत होतं याला पुरावा काय? कागदपत्र? मी मोजे काढून टेबलावर ठेवले. त्यांनी ते ओढूनताणून घातले, मुठी वळल्या आणि खुर्चीचा लोखंडी पाय धरून बघितला. मी तुला सांगते, तो क्षण छान होता.

मग त्यांनी ते आपल्या पिशवीत ठेवले.

मी म्हटलं, सर, ते माझे आहेत. म्हणाले, छे छे, ही अमूल्य वस्तू आहे, विभागाच्या काचेच्या कपाटात हवी, इथे ती सुरक्षित राहील. खाली तुझं नाव लावणार आहेत म्हणे. गाईडबाई टाळ्या वाजवत होत्या. अख्खं प्रकरण मी याच गोष्टीविरुद्ध लिहिलंय, आजी, आणि ते त्यांनी नुकतंच पास केलं होतं! मी वेड्यासारखी दारात उभी राहिले.

काय करू?

खारू

२७ मे

खारूताई,

पास झालीस! मी सगळ्या जिन्याला सांगितलं. मास्तरांनी ते वर्तुळ भिंतीवर लावलंय. बुटकी म्हणते, अर्धी पीएचडी तिची.

आता रडत बसू नको. उद्या जा आणि आपले मोजे मागून घे. ते तुझ्या मापाचे आहेत, त्या मिशीवाल्याच्या नाहीत, बुटकीनं तुझ्या जुन्या मोज्यावरून माप वाढवून काढलंय. काचेला थंडी वाजत नाही, तुला वाजते. चार हिवाळे मी तुझा अंगठा लोंबत ठेवला, पाचवा कपाटासाठी ठेवणार नाही.

आणि त्यांना तोंडघशी पाडू नको, बिचारे म्हातारे आहेत. कपाटासाठी काहीतरी हवंच असेल तर आजच्या टपालानं वेगळं पाकीट पाठवलंय, ते दे. तुझे शाळेतले आहेत, मी जपून ठेवले होते, अंगठा बांधायच्या दोरीसकट.

दोन डावे. म्हणावं, एक हिवाळा घालून बघा, मग काचेत ठेवा.

तुझी आजी